मेरी हेन्री कुणाला दिसली? ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’विषयी

मागच्या खेपेला आम्ही कबूल केलं होतं की पुढचं व्याख्यान बर्कलेवर होईल. आणि मग आयोजकांनी जाहीर केलं की सर या वेळी एका जुन्या भुताच्या सिनेमावर बोलणार आहेत. दोन-तीन श्रोत्यांनी त्यावर काळजीनं विचारलं म्हणे, सरांची तब्येत बरी आहे ना? (हशा) बरी आहे. बर्कलेही येणार आहे. फक्त तो आज मागच्या दारानं येईल.

सिनेमाचं नाव ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’. साल 1962. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचं गाव आहे, तिथे तो जन्मला. हॉलिवूडशी त्याचा काडीचा संबंध नाही. दिग्दर्शक हर्क हार्वी. हा माणूस लॉरेन्समधल्या सेंट्रॉन नावाच्या कंपनीत शैक्षणिक आणि औद्योगिक लघुपट करायचा. म्हणजे कारखान्यात सुरक्षितता कशी पाळावी, शाळेत मुलांनी कसं वागावं, अशा विषयांवरचे. असे शेकडो केले त्यानं. पूर्ण लांबीचा कथापट मात्र आयुष्यात हा एकच. खर्च सुमारे 33 हजार डॉलर, तोही गावातल्या लोकांकडून जमवलेला. चित्रीकरण साधारण तीन आठवडे, कारण त्याला नोकरीतून तेवढीच रजा होती!

पाहिला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट सांगतो. शेवटही सांगणार आहोत. साठ वर्षांच्या वर झाली, आता त्यात गुपित कसलं.

तीन तरुणी एका गाडीत. शेजारच्या गाडीतली पोरं शर्यतीला डिवचतात. लाकडी पुलावरून जाताना तरुणींची गाडी कठडा तोडून नदीत पडते. लोक जमतात, गळ टाकून शोध घेतात, गाडी सापडत नाही. तासन् तास जातात, आणि त्यातली एक मुलगी, मेरी हेन्री, चिखलानं माखलेली, पाण्यातून चालत वाळूवर येते. कशी वाचली, तिला सांगता येत नाही. मेरी ऑर्गन वाजवणारी आहे. थोड्याच दिवसांत ती युटाह राज्यात सॉल्ट लेक सिटीला एका चर्चमध्ये ऑर्गनवादक म्हणून रुजू व्हायला निघते. वाटेत रात्री गाडीच्या काचेत तिला एक पांढराफटक चेहरा दिसतो. तळ्याकाठी एक ओसाड, घुमटाची भव्य इमारत दिसते, आणि ती इमारत तिला ओढू लागते. शहरात ती एका बाईच्या घरी खोली घेऊन राहते. अधूनमधून असं होतं की ती माणसांशी बोलते आणि माणसांना ती ऐकूच येत नाही, दिसतच नाही. पांढरा माणूस पाठ सोडत नाही. शेवटी ती त्या इमारतीत जाते, तिथे मेलेली माणसं नाचत असतात. ती पळते, ते तिला वाळूवर गाठतात. दुसऱ्या दिवशी पोलीस येतात, तर वाळूत तिची पावलं एका जागी संपलेली. आणि मग कॅन्ससमध्ये नदीतून गाडी बाहेर काढली जाते, तर आत तिघीही. मेरीसुद्धा.

ती इमारत खरी होती. ग्रेट सॉल्ट लेकच्या काठावरचं सॉल्टएअर. एकेकाळी तिथे लोक पोहायला, नाचायला गर्दी करायचे. 1893 साली बांधलेली मूळ वास्तू 1925 साली जळली, पुन्हा बांधली, पुढे 1958 साली बंद पडली. हार्वी कॅलिफोर्नियाहून गाडीनं घरी परतत होता, तेव्हा संध्याकाळी त्याला ती दिसली. परत आल्यावर त्यानं सेंट्रॉनमधला सहकारी जॉन क्लिफर्ड याला सांगितलं, तू काहीही लिही, पण शेवटी त्या नाचघरात मुडदे नाचले पाहिजेत. म्हणजे सिनेमा आधी शेवटाचा सुचला आणि माणूस नंतर. बहुतेक भयपट असेच बनतात आणि बहुतेक त्यामुळेच फसतात. हा फसला नाही. का, ते आज बघायचं आहे.

त्याआधी एक कबुली. नोकरीत असताना आम्ही हा सिनेमा वर्गात दाखवला होता. विषय होता आत्मभान. सिनेमा संपल्यावर आम्ही मुलांना म्हटलं, कल्पना छान आहे, छायाचित्रण फार छान आहे, पण नायिका लाकडी आहे; चांगली नटी मिळाली असती तर हे कुठल्या कुठे गेलं असतं. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, ‘‘सर, ती नीटच बोलतेय. समोरचे तिला नीट उत्तर देत नाहीयेत.’’ आम्ही काहीतरी विनोद करून ते उडवून लावलं. वर्ग हसला. ती मुलगी नंतर त्या सत्रात फारशी बोलली नाही.

आज आम्हांला वाटतं की तिचं बरोबर होतं आणि आमचं चूक. म्हणून हे व्याख्यान.

नायिकेचं काम करणारी कँडेस हिलिगॉस ही या संचातली प्रशिक्षित व्यावसायिक नटी. न्यूयॉर्कला ली स्ट्रासबर्गकडे शिकलेली. स्ट्रासबर्ग म्हणजे आतून भावना उकरून काढणाऱ्या अभिनयपद्धतीचा मोठा गुरू. तिच्या आजूबाजूला कोण? बरीचशी स्थानिक मंडळी आणि हार्वीचे ओळखीचे लोक. पैसे वाचावेत म्हणून त्या पांढऱ्या माणसाचं काम तर हार्वीनं स्वतःच केलं. आता हे लोक बोलतात कसे? ज्यांनी जुने शैक्षणिक लघुपट पाहिलेत त्यांना हा सूर लगेच ओळखू येईल. स्वच्छ, आनंदी, किंचित वरच्या पट्टीतला. वाक्य संपलं की थांबायचं, मग दुसऱ्यानं बोलायचं. शिवाय बरेच संवाद नंतर ध्वनिमुद्रित केलेले, त्यामुळे ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे. घरमालकीण मिसेस थॉमस घ्या. फ्रान्सिस फाइस्ट या बाईंनी हे काम इतक्या मोकळेपणानं केलंय की आम्हांला आमच्या जुन्या वाड्यातल्या मालकीणबाई आठवल्या. हव्या तितक्या आंघोळी करा, असं ती मेरीला उदारपणे सांगते. गोड बाई आहे. पण ती मेरीशी बोलतच नाही, ती ‘भाडेकरू मुलगी’ नावाच्या कुणाशी तरी बोलते. पाद्री ‘आमची नवी ऑर्गनवादक’शी बोलतो. डॉक्टर ‘पेशंट’शी बोलतो.

आता या लोकांमध्ये एक अशी नटी उभी करा जिला शिकवलंय की समोरच्याचं ऐक, त्यातून तुझी प्रतिक्रिया येऊ दे. समोरून काही येतच नाही. तिचे डोळे शोधत राहतात. वाक्य संपल्यावर ती अर्धा क्षण जास्त थांबते. आम्ही ज्याला लाकडीपणा म्हणत होतो, तो हा अर्धा क्षण. हिलिगॉसनं हे ठरवून केलं की परिस्थितीनं झालं, या वादात आम्ही पडत नाही. पडद्यावर जे आहे ते आहे. पैशाची टंचाई, हौशी नटमंडळी, नंतर चिकटवलेले आवाज, या सगळ्या उणिवा एका बाजूला जमा झाल्या, त्या बाजूला ‘जग’ असं नाव पडलं, आणि दुसऱ्या बाजूला एकटी मेरी राहिली. दुसरी कसलेली नटमंडळी घेतली असती तर त्यांनी तिला प्रतिसाद दिला असता, आणि सिनेमा मेला असता.

कपड्यांच्या दुकानातला प्रसंग बघा. शक्य असेल त्यांनी हा प्रसंग हेडफोन लावून पाहावा. मेरी कपडे घालून बघायच्या खोलीत आहे. चित्र पाण्यासारखं हलतं. बाहेर येते तर आवाज बंद. सगळा नव्हे, हे महत्त्वाचं. जगाचा आवाज बंद, तिचा चालू. तिची टाचांची टकटक ऐकू येते, तिचा आवाज ऐकू येतो. विक्रेती तिच्याकडे बघत नाही. माणसं शेजारून जातात. आज कुणी हे केलं असतं तर संगणकानं तिला अर्धपारदर्शक वगैरे केलं असतं. इथे काही नाही. इथे फक्त माणसं तिच्याकडे बघत नाहीत. याला खर्च शून्य. ती बागेत पोचते, तिथे एका पाखराच्या आवाजासरशी जग परत सुरू होतं.

आता मागच्या दारानं बर्कले. 1710 साली त्यानं जे म्हटलं ते आपण सगळे पाठ करून परीक्षेत लिहितो: असणं म्हणजे जाणवलं जाणं. आपण लगेच विचारतो, मग खोलीत कुणी नसताना टेबल असतं की नाही? बर्कले म्हणतो असतं, कारण ईश्वर पाहतो आहे. पण लक्षात घ्या, बर्कलेनं हे वस्तूंपुरतं म्हटलं होतं. मनाचं असणं म्हणजे जाणणं, जाणवलं जाणं नव्हे. मेरी दुकानात उभी आहे, ती जाणते आहे, विचार करते आहे. देकार्तच्या हिशेबानं तिचं अस्तित्व सिद्ध आहे. बर्कलेच्या हिशेबानंही, मन म्हणून ती आहेच. तरी ती घाबरलेली आहे. का? कारण तिला टेबलाची जागा मिळाली आहे. तिचं असणं दुसऱ्यांच्या बघण्यावर येऊन ठेपलं आहे आणि ते बघत नाहीत. ‘मी विचार करते म्हणून मी आहे’ हे वाक्य तिला त्या दुकानात उभं राहून म्हणायला सांगा. तर्क बिनचूक आहे. उपयोग काय?

आणि ईश्वर? तो तर बघतो ना? इथे क्लिफर्डनं जे केलंय ते फार धारदार आहे. मेरी चर्चमध्ये वाजवते, पण तिची श्रद्धा नाही, आणि ती ते लपवत नाही. तिच्यासाठी ती नोकरी आहे. पगार मिळतो, वाजवते. सुरुवातीलाच ऑर्गनच्या कारखान्यातला माणूस तिला सुचवतो की वाजवण्यात थोडा जीव ओत. ती ऐकून घेते, आणि मी इथे परत येणार नाही असं सांगून निघते. पुढे एका संध्याकाळी ती चर्चमध्ये एकटी सराव करत असते, आणि हात आपोआप दुसरंच काही वाजवू लागतात. अनवाणी पाय पेडलवर सरकतात. डोळ्यांसमोर पाण्यातून वर येणारे मुडदे, त्यांचा नाच. जीन मूरचं ऑर्गनसंगीत सिनेमाभर आहे, पण इथे ते अंगावर येतं. आमच्या मते सबंध सिनेमात मेरी मन लावून वाजवते ती ही एकच वेळ. त्याच क्षणी पाद्री येतो, तिचे हात धरतो, हे पाखंड आहे म्हणतो आणि तिला नोकरीवरून काढतो. म्हणजे जीव ओत म्हणायचं, आणि ओतला की हाकलायचं.

आर्ट एलिसननं हा पाद्री सौम्य केलाय, खलनायक नाही केला. तो तिला मदतही देऊ करतो. काढून टाकल्यावर.

आता शेजारच्या खोलीतला जॉन लिंडन. हे काम सिडनी बर्जरचं. हा पुढे ह्यूस्टन विद्यापीठात नाट्यविभागाचा प्रमुख झाला, तिथला शेक्सपिअर महोत्सव त्यानं सुरू केला. त्याच्या आयुष्यभराच्या कामात हे काम कुठे बसतं ते तोच जाणे, पण आम्हांला विचाराल तर भयपटांतल्या जिवंत माणसांमध्ये याच्याइतकं खरं काम क्वचित सापडेल. दार किंचित उघडं ठेवून डोकावणारा, सकाळी कॉफीत दारू ओतून आणणारा, स्वतःच्या विनोदांवर हसणारा. आणि गंमत अशी की मेरीला तो नको आहे, पण एका रात्री ती त्याला जवळ ठेवायला बघते, केवळ एकटं राहायची भीती वाटते म्हणून. ते पाहायला लाज वाटते. पांढऱ्या माणसाला पाहून आम्ही दचकलो असू एखादेवेळी, पण लिंडनसमोर आम्हांला खुर्चीत अवघडल्यासारखं झालं. तिला आरशात पांढरा माणूस दिसतो, ती किंचाळते, आणि लिंडन ‘ही वेडी आहे’ म्हणून निघून जातो. सगळ्यांत जास्त बघणारा हाच, आणि यालाही ती दिसली नाही.

डॉक्टर सॅम्युअल्सविषयी फार बोलण्यासारखं नाही. त्याचे संवाद म्हणजे लेखकानं प्रेक्षकाला दिलेल्या टिपा आहेत. हे प्रसंग सिनेमाचे सर्वांत कच्चे भाग. तुला माणसांची ओढ नाही, असं तो तिला ऐकवतो, आणि ती कबूल करते की मला खरंच कुणाची संगत हवीशी वाटत नाही. इथे मात्र थांबू.

लहानपणी आजीकडून ऐकलेल्या भुतांच्या गोष्टी आठवा. भूत का राहतं? काहीतरी राहून गेलेलं असतं म्हणून. वासना अडकलेली असते. बाळंतपणात गेलेल्या बाईची हडळ होते, पुरलेल्या धनापायी म्हातारा पिंपळावर बसतो. काय हवंय ते विचारा, द्या, की मोकळं. इकडे कॅन्ससची मेरी बघा. तिला काहीच नको आहे! नवरा नको, शेजारी नको, देव नको. हवं काय, तर एक खोली, एक नोकरी आणि शांतता. वासना नसलेलं भूत. त्याला सोडवायचं कसं?

इथेच त्या प्रसिद्ध अमेरिकन कथेशी याची तुलना अपुरी पडते. अ‍ॅम्ब्रोज बिअर्सची आउल क्रीकच्या पुलावरची कथा, 1890 सालची. फासावर जाणाऱ्या माणसाला दोर तुटल्याचा, पळून घरी पोचल्याचा भास होतो. योगायोग असा की रोबेर एन्रिको या फ्रेंच दिग्दर्शकानं तिच्यावर केलेला लघुपट याच 1962 साली गाजला. समीक्षक म्हणतात, तीच क्लृप्ती. क्लृप्ती तीच असेल. पण बिअर्सचा माणूस बायकोकडे धावतो, मरता मरता त्याला घर दिसतं. मेरीला मरता मरता काय दिसतं? नोकरीचं गाव, भाड्याची खोली, आणि तिच्यात काय कमी आहे ते सांगणारी माणसं. सिनेमातली सगळी माणसं तिच्या मनातली असतील, तर पाद्रीचा तो निकाल, डॉक्टरचा तो शेरा, हे तिनं आयुष्यभर ऐकलेलं असणार. तिनं ते पाण्याखाली सोबत नेलं.

म्हणून ‘ती आधीच मेलेली होती’ हे कळलं की सिनेमा कळला, असं आम्हांला वाटत नाही. चतुर प्रेक्षकाला ते पाचव्या मिनिटालाच कळतं. प्रश्न असा आहे की एका तरुण बाईनं शांतपणे एकटं राहायचं म्हटलं, कुणाचं वाईट केलं नाही, तर तिच्या भोवतीच्या भल्या माणसांना ते सहन का होत नाही. आणि सिनेमा कुणाच्या बाजूचा आहे? लेखणी थोडी पाद्री-डॉक्टरांकडे झुकते, हे मान्य करायला हवं. मॉरिस प्रेथरचा कॅमेरा मात्र एकदाही तिला सोडून जात नाही. सगळ्या सिनेमात तिच्याकडे एकटक बघणारे दोघंच: हा कॅमेरा आणि तो पांढरा माणूस. हार्वीनं त्याला स्मित दिलंय, खुनशी नव्हे, ओळखीचं. नाचघरात मेरी बघते तर त्याच्या मिठीत एक जोडीदारीण नाचते आहे. ती मेरीच आहे. तिथे तिला जागा आहे. हे भयानक आहे, आणि काही लोकांना ते हायसंही वाटलं असेल.

पुढचं झटपट सांगतो. सिनेमाला धड वितरण मिळालं नाही, वितरक कंपनी बुडाली, प्रतींवर स्वामित्वहक्काची नोंद राहून गेल्यामुळे तो कुणाच्याच मालकीचा उरला नाही. मग टीव्हीवर अपरात्री तो फुकटात फिरत राहिला, आणि तिथेच त्याला त्याचे प्रेक्षक भेटले. 1989 साली चित्रपटगृहांत पुन्हा आला. सहा वर्षांनी मागून आलेल्या रोमेरोच्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’लाही हक्काच्या नोंदीपायी हेच भोगावं लागलं. सॉल्टएअरची ती वास्तू 1970 साली जळून गेली.

एक प्रश्न आलेला आहे, तो घेतो. श्रोत्या विचारतात, ‘शेवटी गाडीतला देह दाखवायला नको होता का?’ आमच्या मते नको होता. ते अर्ध्या मिनिटाचं दृश्य म्हणजे हिशेबाच्या वहीतली बेरीज आहे, आणि त्यात तिचा चेहरा प्रथमच सगळ्यांना स्पष्ट दिसतो, तोही ती मेल्यावर. वाळूतल्या पावलांवर थांबायला हवं होतं. आपल्याकडच्या भुतांची पावलं उलटी असतात. हिची सरळ आहेत, मोजता येतात. पाद्री, डॉक्टर आणि पोलीस तिथे उभे राहून खाली बघतात, आणि काही क्षण कुणालाच काही बोलायला सुचत नाही.